इक्बालभाईंचा मराठीचा डबा

इक्बालभाईंच्या दुकानात शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. ते देऊळ नव्हतं की मशीद नव्हती. महाडच्या बाजारात टायरच्या दुकानामागे एक अंधारी खोली, तिच्यात एक टेबल आणि टेबलावर कॉम्प्युटर. पण नियम म्हणजे नियम. साहेब येवो नाहीतर क्लीनर येवो, इक्बालभाईंची नजर आधी पायाकडे जायची. एकदा एक जाडजूड शेठ बुटांसकट आत आला आणि खुर्ची ओढून बसला. इक्बालभाईंनी आपल्या आईने विणलेला रुमाल कॉम्प्युटरवर टाकला आणि म्हणाले, "मशीन झोपलंय."

"कधी उठेल?"

"तुमचे बूट बाहेर गेले की."

शेठ मुकाट्याने उठला, बूट काढून आला. इक्बालभाईंनी रुमाल उचलला. "उठलं बघा."

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पुढे क्लीनर, मग ड्रायव्हर, मग पोलादपुरात स्वतःच्या दोन गाड्या. मी लिहायला बसलो म्हणून घरात हसतात. हसू देत. महाडात शिकलेली माणसं ढिगाने होती, इक्बालभाईंना ओळखणारी होती, पण एकानेही त्यांच्यावर चार ओळी लिहिल्या नाहीत. म्हणून मी लिहितो.

आमच्याकडे आखातातून येणारा माणूस लांबून ओळखू यायचा. मोठी पेटी, तिला बांधलेलं ब्लँकेट, हातात टेपरेकॉर्डर. इक्बालभाई कुवेतच्या लढाईत परत आले तेव्हा त्यांच्या हातात फक्त एक कापडी पिशवी होती. कुठल्या कुठल्या वाळवंटातून, छावण्यांतून धक्के खात आले. जुबेदाभाभींनी पिशवी उघडली तर आत काळ्या चौकोनी चकत्या, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेल्या. कॉम्प्युटरच्या फ्लॉप्या. भाभी पुढे वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगायच्या, "लोकांच्या नवऱ्यांनी सोनं आणलं. आमच्या माणसाने काळे पापड आणले. तळता पण येत नायत."

तिकडे ते गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात होते. तिथेच प्रोग्राम लिहायला शिकले. इथे येऊन त्यांनी ट्रकवाल्यांसाठी प्रोग्राम बनवला. बिल्टी छापायची, म्हणजे गाडीत काय माल भरलाय, कोणाचा, कुठे जायचाय तो कागद. शिवाय फेरीचा हिशेब, डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता. त्या प्रोग्रामला नाव ठेवलं 'सावित्री'. मी विचारलं, नदीचं नाव कशाला? म्हणाले, "तुमच्याकडून येते, माझ्या दारावरून जाते. अजून काय पायजे?"

अंगाने काडी. पांढरा अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी बोटभर स्क्रू-ड्रायव्हर. चहा बिनदुधाचा. 'बघू' हा शब्द त्यांना चालत नसे. कोणी "बघू" म्हटलं की लगेच म्हणायचे, "डोळ्यांनी बघा. तोंडाने बघू नका. हो म्हणा नायतर नाय म्हणा." माझं-त्यांचं जमलं ते यामुळे. मलाही गुळमुळीत माणूस सहन होत नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. प्रोग्राम एकदा विकत घेतला की आमच्या लोकांना वाटायचं, आता माणूसही विकत घेतला. ज्याला जे सुचेल ते मागायचा. "इक्बालभाई, तेवढं टायरचं टाका की." "इक्बालभाई, विम्याची तारीख जवळ आली की आधी सांगायला पायजे." जसा गॅरेजवाला जाताजाता एखादा नट आवळून देतो, तसं. त्यांनी पहिली दोन वर्षं आवळूनही दिले. महाडातल्या एका गाडीवाल्यासाठी टायरचा अख्खा हिशेब बनवला, कुठला टायर कधी बसवला, किती चालला. डोळे लाल करून बनवला. महिन्याभराने विचारायला गेले तर तो म्हणतो, "मी आपलं सहज बोललेलो, भाई. उघडून नाय पाह्यलं."

त्या दिवसापासून दुकानात डबे आले.

कुवेतहून आलेल्या लोकांच्या घरात दुधाच्या पावडरचे मोठे पत्र्याचे डबे असायचे. तसले चार-पाच डबे त्यांनी फळीवर मांडले. झाकणाला चीर पाडलेली. प्रत्येक डब्यावर एका सोयीचं नाव, 'टायर', 'विमा', 'डिझेल'. ज्याला ती सोय हवी त्याने घडी घालून नोटा आत टाकायच्या. किती, ते कोणी विचारायचं नाही. ते स्वतःही डबा भरेपर्यंत उघडत नसत. पण डब्याच्या गळ्यात एक तार होती. पैसे टाकणाऱ्याने आपल्या गाडीच्या चाकाचा एक जुना नट आणून त्या तारेत ओवायचा. सात नट झाले की तार भरली. तार भरली की ते काम सुरू. आणि झालेली सोय सगळ्यांना, ज्याने दमडी टाकली नाही त्यालासुद्धा.

यावरून बाजारात बरीच चेष्टा झाली. वरंधचा बाळाराम, आमच्यातला सगळ्यात तोंडाळ, म्हणाला, "मग मी कशाला टाकू? दुसरे टाकतील, मला फुकट मिळेल."

इक्बालभाई म्हणाले, "बस फुकट. पण मग तुझी सोय पयली नाय होणार, त्यांची होईल. तू मागून येशील. गाडी मागे राहिली की धूळ कोणाला लागते?"

त्यांचं एक वाक्य होतं, ते मी पुष्कळ ठिकाणी माझं म्हणून सांगितलं आहे. "फुकट दिलं तर कोणी वापरीत नाय. एकट्याने दिलं तर तो दुसऱ्याला वापरू देत नाय."

टायरची तार भरली. विम्याची भरली. मग मी गेलो माझी मागणी घेऊन.

मला मराठी पाहिजे होतं. पडद्यावर आणि बिल्टीवरही. तोपर्यंत सगळं इंग्रजीत. इंग्रजीच्या नावाने मी अडाणी, आणि त्याची मला लाज नाही. पण कारण ते नव्हतं. कारण शिवराम होता.

शिवराम माझा जुना ड्रायव्हर. कारखान्यातून पिंपं भरून गाडी कशेडीत चढत होती. अर्ध्या घाटात त्याला वास आला. उतरून बघतो तर एक पिंप पाझरतंय. त्याने कोणीही शहाणा माणूस करेल तेच केलं. कॅन उचलला आणि पाणी ओतलं. पाणी पडताच ते उसळलं आणि त्याच्या दोन्ही हातांवर आलं. खिशातल्या कागदावर लिहिलेलं होतं, पाणी लावू नये. इंग्रजीत. तो कागद मी स्वतः त्याच्या खिशात घातला होता. त्यालाही वाचता येत नव्हता, मलाही नाही. हात बरे झाले, पण बोटं पुन्हा पुरती मिटली नाहीत. स्टिअरिंग गेलं. त्याला मी गाड्या राखायला ठेवला.

इक्बालभाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. चहा गार झाला तरी उचलला नाही. मग उठले, कोरा डबा काढला, त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मराठी'. म्हणाले, "अक्षरं पडद्यावर आणायची म्हणजे मुळापासून उकरायला लागेल. सा-आठ महिने तरी. दुसरं काम घेता येणार नाय."

मी म्हटलं, "खर्च सगळा माझा. एक गाडी विकतो. उद्यापासून लागा."

"नाय."

"का?"

"एकट्याचं घेत नाय मी."

"अवो, पण पैशाला काय वास येतो?"

"अण्णा, उद्या माझ्या जागी दुसरा कोणी बसेल. हे मराठी एका माणसाचं असलं तर तो बोलेल, त्या पोलादपूरवाल्या म्हाताऱ्याचं खूळ होतं, टाका काढून. सात जणांचं असलं तर काढायची हिंमत होणार नाय. सात नट आणा."

मी रागाने उठलो. चपलेत पाय पण नीट गेला नाही. घरी आलो, अंगणात उभ्या गाडीच्या चाकांचे सहा नट काढले, सातवा खोक्यातला घेतला. दुसऱ्या दिवशी इक्बालभाई नमाजला गेलेले बघून तारेत सातही ओवून आलो. डब्यात नोटा कोंबल्या. झालं काम.

संध्याकाळी ते स्वतः पोलादपूरला आले. एसटीने. हातात पिशवी. अंगणातल्या गाडीकडे गेले, खाली वाकले, एकेका चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "अण्णा, सहाच्या सहा नटांवर एकाच रंगाचा हिरवा ऑइलपेंट. ह्या गाडीचा. उद्या ही घाटात चाक सोडील, मग मराठीत काय वाचाल, पंचनामा?"

पिशवीतून नट काढून त्यांनी ओट्यावर ठेवले. सहाच. "एक ठेवला हाय तारेत. तो तुमचा. बाकी सहा तुमच्या चाकाचे."

आमची मंडळी चुलीपासून हे ऐकत होती. इक्बालभाई चहा पिऊन गेल्यावर ती बाहेर आली. म्हणाली, "अवो, आपली लावणी कोण करतं?"

"सावडीने होते. तुला माहीत नाय?"

"आज त्यांच्या शेतात आपण, उद्या आपल्या शेतात ते. कधी बोललात काय, मी पैसे टाकतो, सगळे घरी बसा?"

"बोललो तर येतील काय कोणी पुढच्या वर्षी?"

"मग तो माणूस दुसरं काय सांगतो?"

बायकोचं खरं असलं तरी लगेच कबूल करायची आमच्याकडे पद्धत नाही. पण सकाळी स्कूटर काढली.

जन्मात कोणाच्या दारात काही मागायला गेलो नव्हतो. त्या महिन्यात वरंध, नाते, दासगाव, सगळी दारं हिंडलो. बाळारामाच्या अंगणात गेलो तर तो हसायलाच लागला. "अण्णा, माल देणाऱ्या पार्टीला इंग्रजी लागतं. मराठीत बिल्टी बघून आपल्याला बैलगाडीवाले समजतील."

मी म्हटलं, "पार्टीच्या खिशात इंग्रजी राहू दे. तुझ्या ड्रायव्हरच्या खिशात काय हाय?"

"कागद."

"काय लिहिलंय त्यावर?"

मग मी सोबत आणलेल्या शिवरामला पुढे केलं. बाळारामाने पाण्याचा तांब्या पुढे केला तो त्याने दोन्ही मनगटांत धरून घेतला. बाळाराम घरात गेला आणि नट घेऊन बाहेर आला. "नायलाजाने देतो हां," म्हणाला. तोंडाळ माणूस, पण मनाने वाईट नव्हता.

नात्याला कांबळे गुरुजी होते. शाळेतून निवृत्त होऊन मुलाबरोबर टेम्पो चालवायला घेतले होते. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. मी सुरुवात केली तसं म्हणाले, "अण्णा, वाचायला मिळावं म्हणून आमच्या लोकांनी काय काय केलंय ते मला सांगू नका. नट कुठे ओवायचा ते सांगा." दासगावचे हसनमियाँ आधी नाही म्हणाले, मग 'बघू' म्हणाले. मी इक्बालभाईंचं वाक्य ऐकवलं, डोळ्यांनी बघा, तोंडाने नको. म्हणाले, "हे तर त्या काडीपैलवानाचं बोलणं. तुम्हाला पण लागलं वाटतं," आणि नट दिला. राहिलेले तिघे महाडातलेच. त्यांतला एक तर तोच, ज्याने टायरचा हिशेब उघडून बघितला नव्हता.

तार भरली. इक्बालभाईंनी सगळ्यांसमोर ती हलवली. नटांचा आवाज झाला. म्हणाले, "आता खरं वाजलं."

पण आमची माणसं सरळ कधी वागली आहेत? काम होत आलं तशी बाळारामाने नवी टूम काढली. "आमच्या देवळात साधा पंखा दिला तरी पात्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. इथे आमचं नाव कुठे?"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला सांगू. पैसे द्यायचे आणि नाव नाही हे आमच्या रक्तातच नाही. इक्बालभाईंनी नावं घालायचं कबूल केलं. मशीन चालू केलं की आधी सात नावं येतील, मग काम. लगेच दुसरं भांडण उभं राहिलं. पहिलं नाव कोणाचं?

दुकानात आम्ही सातही जण, चपला बाहेर, आवाज टायरच्या दुकानापर्यंत.

"मी सगळ्यात जास्ती टाकलेत," हसनमियाँ म्हणाले.

"कोणी बघितलं?"

"मी बघितलं. माझेच हात."

"मागणी माझी," मी म्हटलं. "डबा माझ्यामुळे आला."

"वयाने गुरुजी मोठे."

"वयाचं काय, हा काय पंक्तीत वाढायचा भात हाय?"

बाळाराम म्हणाला, "माझं नाव दोन नंबरला चाललं तर माझा नट परत द्या!"

इक्बालभाई इतका वेळ खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरने टेबलाचा एक सैल स्क्रू आवळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "प्रोग्रामचं नाव काय?"

"सावित्री."

"पाणी पयलं कोणाच्या गावाला लागतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोलादपूरला. नदी वरून उतरते, ती आधी आमच्याकडेच येते.

"मग पयलं नाव अण्णांचं. अण्णा मोठे म्हणून नाय, पाणी आधी तिथे येतं म्हणून. पुढे ज्या गावाला ज्या क्रमाने पाणी भेटेल तसं ज्याचं त्याचं नाव."

बाळाराम उसळला. "आमचं वरंध सावित्रीवर नाय!"

"तुझ्या घाटाचं पाणी जातं कुठे?"

"ओढ्याने खाली."

"आणि ओढा?"

"सावित्रीलाच मिळतो."

"तो जिथे मिळतो तिथे तुझं नाव. महाडच्या वर. नात्याचं पाणी महाडापाशी येतं, म्हणजे गुरुजी महाडवाल्यांच्या जोडीला. दासगाव शेवटी."

हसनमियाँचं नाव शेवटी आलं होतं. आम्हाला वाटलं आता हे उठून जाणार. ते दाढी खाजवत बसले, मग म्हणाले, "म्हणजे तुमचं सगळ्यांचं पाणी माझ्याकडे येतं. चालेल."

माणसाशी भांडता येतं. नदीशी कोण भांडणार? मी पुढे ग्रामपंचायती पाहिल्या, निवडणुका पाहिल्या, शिकलेल्या लोकांच्या सभा पाहिल्या. असा न्याय पुन्हा कुठे पाहिला नाही.

सात नावांखाली त्यांनी एक ओळ रिकामी ठेवली होती. मी विचारलं, इथे काय राहिलं? म्हणाले, "दासगावाला नदी संपते काय? पुढे खाडी हाय. अजून कोणी येईल."

पहिली मराठी बिल्टी माझ्या गाडीची निघाली. प्रिंटर करकरत होता आणि आम्ही सगळे लग्नघरातल्यासारखे उभे होतो. कागद मी घेतला. शब्द शब्द जुळवत, मोठ्याने, सगळ्यांसमोर वाचला. गाडी नंबर. मालाचं नाव. कुठून कुठे. आणि खाली चौकटीत, ठळक, 'पाणी लावू नये'. माझ्या हातातून तो कागद शिवरामने तळव्यांमध्ये धरून घेतला आणि त्याने पुन्हा वाचला. त्याला काही कोणी वाचायला सांगितलं नव्हतं.

पुढे दोन-तीन वर्षांनी मोठ्या शहरातल्या एका कंपनीचा माणूस आला. त्याला 'सावित्री' विकत हवी होती. बूट त्याने न सांगता काढले, म्हणजे माहिती काढून आला होता. बोलणं ठरत आलं. मग तो म्हणाला, "ती सुरुवातीची नावं मात्र काढावी लागतील. कुठल्या कुठल्या खेड्यातली माणसं, गिऱ्हाईकाला बरं दिसत नाही."

इक्बालभाईंनी रुमाल उचलला आणि मशीनवर टाकला.

आतल्या खोलीतून जुबेदाभाभी ओरडल्या, "नावं शिजवून खाऊ काय आम्ही?" दोन मुलींची लग्नं व्हायची होती, भाभींचं चूक नव्हतं. आम्हाला कळलं तेव्हा गुरुजी आणि मी स्वतः जाऊन सांगून आलो, काढा आमची नावं, घ्या पैसे. मी असं सांगितलं, मी! ज्याने पहिल्या नंबरासाठी घसा फोडला होता. इक्बालभाई म्हणाले, "तुम्ही दोघंच आलात. बाकी पाच कुठे हायत? एकट्यादुकट्याचं मी ऐकत नाय." पाचांना आणलं. तरी ऐकलं नाही. म्हणाले, "आठवी ओळ ज्याची हाय त्याला विचारलंत?"

मुलींची लग्नं झाली. थाटात नाही, पण झाली. आम्ही सातही जण पंक्तीत होतो, आणि हसनमियाँनी तिथेही आम्हाला नदीच्या क्रमाने बसवलं.

शेवटचं भेटलो तेव्हा इक्बालभाईंची नजर गेली होती. मोतीबिंदू नव्हे, आतलं काहीतरी, डॉक्टरने हात टेकले होते. दुकान बंद होतं, मशीन घरी आणलेलं, त्यावर तोच रुमाल. मी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. त्यांनी माझ्या पायांच्या आवाजावरून ओळखलं, अनवाणी आलोय. हसले.

"अण्णा, चालू करा."

"मला कुठे येतं?"

"मराठीत हाय सगळं. वाचा आणि करा."

वाचलं आणि केलं. पडदा उजळला.

"काय दिसतंय?"

"नावं."

"वाचा."

मी माझं वाचलं, पोलादपूर. मग बाळारामाचं, वरंध. बाळाराम तेव्हा नव्हता राहिला, त्याचं नाव जरा सावकाश वाचलं. मग महाडवाले, मग नात्याचे गुरुजी. प्रत्येक नावाला इक्बालभाईंची मान हलत होती, जणू पाणी त्या त्या गावावरून जाताना त्यांना दिसतंय. हसनमियाँ, दासगाव. मी थांबलो.

"थांबलात का?"

"पुढची ओळ रिकामी हाय."

"ती पण वाचा."

मी गप्प बसलो. रिकामी ओळ वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा. आतून भाभींच्या कपबशांचा आवाज येत होता.

"हां," ते म्हणाले. "आता बंद करा."

मशीन मी स्वतः बंद केलं. कसं करायचं, ते खाली मराठीत लिहिलेलं होतं.